पन्नास दिवसांचा फ्री टाइम

जयराम पगारे मनमाडच्या मालधक्क्यावरून हेड गुड्स क्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात देवळ्याचा एक कांदा व्यापारी बोलायला उभा राहिला. तो म्हणाला, "पगारेबाबूंनी चौतीस वर्षांत माझा एक कप चहा घेतला नाही आणि माझा एक तास सोडला नाही." मंडळी हसली. पगारेंनी हे वाक्य कौतुक म्हणून घेतलं, घरी येऊन वहीत लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

हा तास कसला, ते सांगितलं पाहिजे. रेल्वे व्यापाऱ्यासाठी वॅगन आणून धक्क्याला लावते. माल भरायला किंवा उतरवायला ठरावीक तास फुकट मिळतात. त्याला फ्री टाइम म्हणतात. फ्री टाइम संपला की दर तासाला, दर वॅगनमागे दंड, त्याचं नाव डेमरेज. वॅगन लागल्याची वेळ रजिस्टरात पडली की तिचं घड्याळ सुरू. पहिली वॅगन सकाळी सहाला लागली आणि दुसरी दुपारी दोनला, तर पहिलीचं घड्याळ पहिलीचं, दुसरीचं दुसरीचं. हमाल आले नाहीत, पाऊस आला, व्यापाऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, घड्याळ थांबत नाही. पगारेंची या घड्याळावर जी श्रद्धा होती तिच्यापुढे बाकीच्या श्रद्धा थोड्या सैलच होत्या.

त्यांना उधारीचं वावडं होतं असं कॉलनीत म्हणत. ते तितकंसं खरं नाही. त्यांना मुदत संपण्याचं वावडं होतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुदती संपताना पाहिल्या होत्या, आणि त्या प्रसंगी माणसाचा चेहरा कसा होतो हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी स्वतः कधी मुदतच घेतली नाही. फ्रिज रोखीने, टीव्ही रोखीने, मुलीचं शिक्षण रोखीने. नाशिकरोडला जेल रोडच्या मिलिंद कॉलनीतलं दोन खोल्यांचं घरही त्यांनी इतक्या सावकाश बांधलं की वरची खोली पूर्ण झाली तेव्हा खालच्या खोलीला दुसऱ्यांदा रंग द्यायची वेळ आली होती.

त्यांच्या पत्नी शकुबाई गातात. बुद्ध-भीमगीतं गाणारं त्यांचं करुणा महिला गायन मंडळ आहे. सात बायका, एक पेटी, एक ढोलकी. ढोलकी कुसाबाईंकडे असते. शकुबाईंचा आवाज माइकशिवाय तीन गल्ल्या ओलांडतो. अडचण एवढीच की श्रोते चौथ्या गल्लीतही असतात. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला आयोजक भाड्याने साउंड आणत. मंडळाला चार हजार, साउंडवाल्याला साडेतीन हजार. साडेतीन हजारांत तो दोन डबे, एक शिट्टी मारणारा माइक आणि स्वतःची घाई घेऊन यायचा. मागच्या जयंतीला निफाडकडे शकुबाईंचं गाणं ऐन वरच्या पट्टीत असताना त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या. त्याला पुढे एका हळदीला जायचं होतं.

 शकुबाईंनी जानेवारीत विषय काढला.

"अहो, या वर्षी आपला साउंड घ्यायचा."

"घेऊ," पगारे म्हणाले. "दोन एप्रिलला एफडी मोकळी होते. तीन एप्रिलला घेऊ."

"बुकिंग मार्चात होतं. आपला साउंड हाय म्हटलं तर लोक बोलावतील. एप्रिलात घेऊन काय करू, शेजारच्या पोपटाला ऐकवू?"

"एफडी मोडली तर सहाशे अकरा रुपये जातात."

"हिशेब करूनच बसलाय तुम्ही."

"कुणीतरी करायला पाहिजे."

हा पेच त्यांच्या मुलीने, संजनाने, सोडवला. संजना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. नवरा तिथेच, घर तिथेच. ती रविवारी आली तेव्हा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पप्पा, क्रेडिट कार्ड घ्या. आज खरेदी करायची, पैसे नंतर. पंचेचाळीस-पन्नास दिवस व्याज नाही. वेळेत सगळे भरले तर एक रुपया जास्त लागत नाही. नाही भरले तर मग लावतात."

पगारेंचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे फ्री टाइम," ते म्हणाले.

"तसंच काहीतरी."

"आणि नंतर डेमरेज."

निवृत्तीनंतर दोन वर्षांत इतका उजेड त्यांच्या चेहऱ्यावर कुणी पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, तिच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची संधी आली होती.

पुढचे तीन आठवडे निवड चालली. लोक कार्ड घेतात तसं पगारेंनी कार्ड घेतलं नाही. त्यांनी लांब आकाराची वही आणली, रकाने आखले आणि पाच बँकांची कार्डं आडवी मांडली. वार्षिक फी, नोंदणी फी, फ्री टाइम, दंडाचा दर, शेरा. यातला शेरा हा रकाना सर्वांत रुंद होता. फोनवर कार्ड विकणाऱ्या माणसांचे फोन इतर लोक कापतात. पगारे ते घेत, खुर्ची ओढून बसत आणि प्रश्न क्रमांक एकपासून सुरुवात करत. एका विक्रेत्याने चाळिसाव्या मिनिटाला "सर, मला दुसरे कॉलही आहेत" असं सांगून फोन ठेवला, आणि पगारेंनी शेऱ्यात लिहिलं, 'सेवा अपुरी.'

एका कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट बसता येत होतं. पगारेंनी विचारलं, "विमानात न जाता नुसतं बसून परत येता येतं का?" येत नव्हतं. एका कार्डावर पेट्रोलचा अधिभार माफ होता. पगारेंकडे सायकल आहे. एका कार्डाने बिनव्याजी हप्ते देऊ केले. त्यावर पगारेंनी दोन दिवस खर्च केले आणि प्रक्रिया शुल्क अधिक त्यावरचा कर अशी चोरवाट शोधून काढली. "हप्ता बिनव्याजी आहे, पण हप्त्याला हात लावायचे पैसे आहेत," असं त्यांनी शकुबाईंना समजावलं. शकुबाई तेव्हा लसूण सोलत होत्या. "बाई सुंदर हाय, पण तोंड दाखवायचे पैसे घेती," त्या म्हणाल्या. पगारेंनी तो रकाना लाल शाईने खोडला.

शेवटी पेन्शन जिथे जमा होते त्याच बँकेचं कार्ड उरलं. फी कायमची माफ, फ्री टाइम पन्नास दिवस. तिथे मंजुषा नावाच्या बाई टेबलावर बसतात. त्यांनी अर्ज भरून घेतला आणि सगळं नीट सांगितलं. खरंच नीट सांगितलं. याबाबत पगारेंची आजही तक्रार नाही.

"सर, तुमची स्टेटमेंटची तारीख अठरा. दर महिन्याच्या अठराला बिल तयार होणार. तिथून वीस दिवसांत पूर्ण रक्कम भरायची. पूर्ण भरली तर व्याज नाही."

"फ्री टाइम पन्नास दिवस."

"जास्तीत जास्त पन्नास, हो. स्टेटमेंटनंतर लगेच खरेदी केली तर."

पगारेंनी मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं: 'स्टेटमेंट - १८ ता.' पण ते लिहिलं वहीच्या मागच्या पानावर. कारण मालधक्क्यावरही दर महिन्याला एक स्टेटमेंट निघायचं. ते लेखा कार्यालयाला जायचं, तिथे कपाटात पडायचं, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या वॅगनच्या घड्याळाशी त्याचा काडीचा संबंध नसायचा. बँकेने कोणत्या तारखेला आपला गोषवारा काढावा हा बँकेचा घरगुती प्रश्न होता. पगारे दुसऱ्याच्या घरात डोकावणारे नव्हते.

मग त्यांनी खरेदीची तारीख काढली. पत्रिका बघणारेही इतकी काळजी घेत नसतील. एफडी दोन एप्रिलला सुटणार. पन्नास दिवस त्यापुढे जायला हवेत, शिवाय थोडे राखीव. सतरा फेब्रुवारीला खरेदी केली तर मुदत आठ एप्रिलला संपते. हातात सहा दिवस शिल्लक. एकोणीसला घेतली असती तर आठ दिवस मिळाले असते, पण एकोणीसला शिवजयंती. रस्त्यावर मिरवणुका, रिक्षा मिळायची नाही, स्पीकरला धक्के लागायचे. सतराच पक्की झाली.

धनराज यांचं वाद्यांचं आणि साउंडचं दुकान आहे. दोन स्पीकर, दोन स्टँड, एक मिक्सर, चार माइक, वायरी: सत्तावन्न हजार चारशे. पगारेंनी कार्ड दिलं, यंत्रावर पिन टाकताना रुमाल आडवा धरला (शकुबाईंपासूनही), आणि पावतीवर स्वतःच्या पेनाने वेळ लिहिली: ११.४०.

"पंधरा दिवस वापरून बघा," धनराज म्हणाले. "नाही पसंत पडलं तर खोक्यासकट परत आणा. चार मार्चपर्यंत. पैसे कार्डावर उलटे जातील."

"परत कशाला येईल," शकुबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरात सेट जोडला. शकुबाईंनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि केवळ घसा साफ केल्याचा आवाज ऐकून समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. कुसाबाईंनी ढोलकीवर एक थाप मारली आणि स्वतःच दचकल्या. "माझी ढोलकी अशी वाजती हे मला कुणी सांगितलंच नाय," त्या म्हणाल्या.

पगारे कॉलनीत तीन दिवस भेटेल त्याला फ्री टाइम समजावत होते. "पैसे बँकेचे, सेट आपला, पन्नास दिवस, व्याज शून्य," असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्याने पुरेसं आश्चर्य दाखवलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगत.

वीस फेब्रुवारीला संजनाचा फोन आला. कार्डाचं बिल तिच्या ईमेलवर येत असे, कारण अर्जावर ईमेलचा रकाना रिकामा ठेवणं पगारेंना मान्य नव्हतं आणि त्यांना ईमेल नव्हता.

"पप्पा, बिल आलंय. सत्तावन्न हजार चारशे. दहा मार्चपर्यंत भरायचंय."

"आठ एप्रिल."

"दहा मार्च लिहिलंय."

"बँकेची चूक आहे. मी सतराला घेतला. सतरा अधिक पन्नास."

संजनाने शांतपणे समजावलं. कार्डावर प्रत्येक खरेदीचं वेगळं घड्याळ नसतं. एक स्टेटमेंट, एक शेवटची तारीख. एकोणीस जानेवारीला घेतलेली वस्तू असो की सतरा फेब्रुवारीला, अठराच्या बिलात आली की सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपते. जी लवकर आली तिला पन्नास दिवस, जी आदल्या दिवशी आली तिला एकवीस.



"म्हणजे सकाळी सहाला लागलेली वॅगन आणि दुपारी दोनला लागलेली वॅगन," पगारे म्हणाले, "दोघींना एकाच वेळी डेमरेज?"

"हो पप्पा. दोन दिवस थांबला असतात, एकोणीसला घेतलं असतं, तर सात एप्रिलपर्यंत वेळ होता."

मिरवणूक टाळण्यासाठी पगारेंनी अठ्ठावीस दिवस घालवले होते.

त्यांनी आतल्या पानांवर नवा हिशेब मांडला. बचत खाते आणि फेब्रुवारीची पेन्शन मिळून, घरखर्च बाजूला ठेवल्यावर, एकतीस हजार. कमी सव्वीस हजार चारशे. 'किमान देय रक्कम' नावाची एक सोय बिलावर छापली होती. दोन हजार आठशे सत्तर भरून पुढे जाता येत होतं. संजनाने सांगितलं की तसं केलं तर व्याज दहा मार्चपासून लागत नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि पुढच्या खरेद्यांचाही फ्री टाइम जातो.  पगारेंच्या आवाजात व्यावसायिक आदर आला. "रेल्वे उशिराच्या तासाचाच दंड घेते," ते म्हणाले. "वॅगन आली त्या मिनिटापासून लावायचा, हे आम्हाला सुचलंच नाही."

"मी टाकते ना सव्वीस हजार. एप्रिलमध्ये द्या."

"म्हणजे माझी वॅगन बँकेच्या धक्क्यावरून काढून तुझ्या धक्क्याला लावायची. नको."

"मग एफडी मोडा."

"सहाशे अकरा रुपये. ते डेमरेजच, नाव निराळं."

फोन ठेवून पगारेंनी स्पीकर खोक्यात भरले. थर्माकोल जिथला तिथे, वायरी आल्या होत्या तशा आठच्या आकड्यात, वर खाकी टेप. चार खोकी भिंतीला लावून त्यांनी शकुबाईंना सांगितलं, "परत करू. एप्रिलात पुन्हा घेऊ. दुकान कुठे जात नाही."

शकुबाई खोक्यांकडे बघत उभ्या राहिल्या. त्या रडणाऱ्यांतल्या नाहीत.

"चार मार्च शेवटची तारीख ना?"

"हो."

"आज वीस. मग चार मार्चपर्यंत खोक्याला हात लावू नका. माझा पण फ्री टाइम हाय."

पगारेंनी खोक्यावरचा हात काढला. नियमाने ते बरोबर होतं.

शकुबाईंनी त्या दुपारी मंडळाला बोलावलं. सहाजणींतल्या दोघी खोक्यांवर बसल्या, कारण खुर्च्या चारच आहेत. शकुबाईंनी योजना मांडली. आयोजकाला गाण्याचे चार हजार आणि साउंडचे साडेतीन हजार असे साडेसात हजार पडतातच. आता तेवढ्यातच दोन्ही आपलं. दोन हजार आगाऊ घ्यायचे, ते सेटचे. जयंतीचे कार्यक्रम खेडोपाडी मेपर्यंत चालतात. चौदा कार्यक्रम पक्के झाले की अठ्ठावीस हजार.

"सेट कुणाचा मग?" कुसाबाईंनी विचारलं.

"सध्या बँकेचा."

"आणि बँकेचे फिटल्यावर?"

"फिटेपर्यंत साउंडचे पैसे सेटला, गाण्याचे सातजणींना. फिटल्यावर साउंडचेही सातजणींना."

"मग फिटू दे लवकर," कुसाबाई म्हणाल्या, आणि कमरेचा फोन काढला. त्यांचं माहेर मनमाडचं, सासर येवल्याकडचं, आणि दोन्हीकडच्या जयंती कमिट्यांत त्यांचे भाऊ-दीर बसले होते.

चार दिवसांत घराचं चौकशीचं कार्यालय झालं. फोन सकाळी सातला सुरू व्हायचा. अडचण वेगळीच निघाली: सगळ्यांना चौदा एप्रिल हवी होती. आणि शकुबाईंना नाही म्हणता येत नाही. पगारे खोक्यांशेजारी पेपर धरून बसलेले असायचे. ते पेपर वाचत नव्हते, कारण पेपर मंगळवारचा होता आणि वार शुक्रवार होता.

"येऊ की सिन्नरला," शकुबाई फोनवर म्हणाल्या. "चौदाला संध्याकाळी. हो, हो."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "ओझरला? चौदाला? बघते, येऊच आपण."

पेपर खाली आला.

"सकाळी नाशिकरोडलाही चौदा दिलीस तू."

"दिली. काढू कसंतरी."

"एका लाइनीवर तीन मालगाड्या घेते आहेस."

"मग तुम्ही सांगा त्यांना. मला जमत नाय माणसाला परतवायला."

माणसाला परतवणं हे पगारेंचं चौतीस वर्षांचं काम होतं. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, लांब वही आणली, कोरं पान काढलं आणि तारखा उभ्या मांडल्या: आठ मार्चच्या महिला दिनापासून मे अखेरपर्यंत. मग शकुबाईंच्या हातातला फोन घेतला आणि सिन्नरला लावला. तिकडे कमिटीचे अध्यक्ष हिरामण होते.

"जय भीम. करुणा मंडळातून बोलतोय. तुम्हाला चौदा मिळणार नाही."

"अहो, पण आत्ताच ताई हो म्हणाल्या."

"ताई गातात. तारखा मी देतो."

"आमची कमिटी लय जुनी हाय, साहेब. चाळीस वर्षं झाली."

"कमिटीचं वय रजिस्टरला चालत नाही. पहिला अर्ज नाशिकरोडचा. तुम्हाला एकोणीस आहे, सव्वीस आहे. एकोणीस रविवारची आहे, गर्दी जास्त येईल. आगाऊ दोन हजार आज भरलेत तर एकोणीस तुमची. संध्याकाळी सहानंतर ओझरला विचारणार."

"सहापर्यंत थांबा ना मग."

"तेवढंच थांबणार आहे."

पावणेसहाला शकुबाईंच्या फोनवर दोन हजार आले. ओझरला सव्वीस गेली. पगारेंच्या आवाजात आठ दिवसांनी धार आली होती. नंतर फोन यायचे ते "साहेब आहेत का" असे यायचे. कुणी घासाघीस केली तर ते म्हणत, "दर ठरलेला आहे, मला बदलायचा अधिकार नाही," आणि दर शकुबाईंनी परवाच ठरवला होता व त्या शेजारीच बसल्या होत्या. देवळ्याच्या कमिटीने विचारलं, कार्यक्रम लांबला तर? पगारेंनी तासाला पाचशे लावायचं म्हटलं. शकुबाईंनी फोन ओढून घेतला आणि सांगितलं, "त्यांचं ऐकू नका, लांबू द्या."

महिनाअखेरीस दहा कार्यक्रम पक्के झाले. एक मार्चला अकरा. दोन मार्चला एकही फोन आला नाही, आणि त्या दिवशी पगारेंनी खोकी पुन्हा आवळायला टेपचा रोल आणि कात्री काढून टीव्हीवर ठेवली. शकुबाईंनी ती पाहिली आणि कात्री उचलून भाजी कापायच्या पाटाखाली घातली. तीन मार्चला सकाळी येवल्याहून कुसाबाईंच्या दिराचा फोन आला, दुपारी मनमाडच्या रेल्वे वसाहतीतून. तेरा झाले. पगारेंनी वही बघितली. एकतीस आणि सव्वीस, सत्तावन्न हजार. चारशे रुपये कमी.

त्यांनी चारशे रुपयांसाठी घरखर्चाच्या पाकिटाला हात लावला नाही, कारण ते पाकीट बाजूला ठेवलेलं होतं आणि बाजूला ठेवलेलं म्हणजे बाजूला ठेवलेलं. संध्याकाळपर्यंत ते फोनजवळ बसून राहिले. साडेसातला कुसाबाई आल्या, पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढली आणि वहीवर ठेवली.

"ही कुठल्या कार्यक्रमाची?" पगारेंनी पेन उचललं.

"कुठल्याच नाय. आठ तारखेला माझ्या ढोलकीला वेगळा माइक पायजे, त्याची."

"असा रकाना नाही."

"मग पाडा की रकाना, साहेब. रेघ मारायला काय पैसे पडतात?"

पगारेंनी पट्टी घेतली आणि रकाना पाडला. वर लिहिलं, 'इतर.' चौतीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही रजिस्टरात 'इतर' नव्हतं.

चार मार्चला बँक उघडली तेव्हा पगारे दारात होते. सोबत शकुबाई, कारण त्यांच्या खात्यातले सव्वीस हजारही वळवायचे होते, आणि कुसाबाई, कारण त्यांना बघायचं होतं.

"सर, अजून सहा दिवस आहेत तुमच्याकडे," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "आणि सगळे एकदम भरायलाच पाहिजेत असं नाही, किमान रक्कम..."

"मॅडम, सगळे."

मॅडमनी सगळे भरून घेतले. पावती छापून आली. पगारेंनी ती वाचली, उलट करून मागची बाजूही वाचली, आणि विचारलं, "व्याज?"

"शून्य, सर."

"लिहून मिळेल?"

"पुढच्या स्टेटमेंटमध्ये येईल. अठराला."

"अठराला," पगारे म्हणाले, आणि या वेळी ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, वर चौकट काढली. मग चौकटीच्या शेजारी बारीक अक्षरात: 'पुढील खरेदी १९ ता.' शकुबाईंनी ते वाचलं आणि कुसाबाईंना कोपराने ढोसलं. पेटी जुनी झाली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी खोकी गच्चीवर गेली. टेप फाडायचा मान कुसाबाईंनी घेतला आणि तो त्यांनी एवढ्या जोरात बजावला की पुन्हा कधी काही परत करायचं झालं तर नवी खोकी लागणार. सात बायका, चार माइक, आठ मार्चची तालीम. शकुबाईंनी पहिला सूर लावला आणि पलीकडच्या मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून वर बघायला लागली. चौथ्या गल्लीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पगारे मिक्सरशेजारी हात मागे बांधून उभे होते. बटणं बावीस होती आणि त्यांनी दुपारी माहितीपत्रकातून त्यातल्या नऊंचं काम शिकून घेतलं होतं. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन थरथरला. धनराज. गच्चीवर काही ऐकू येईना म्हणून ते जिना उतरून खाली अंगणात गेले.

"पगारे साहेब, आज चार तारीख," धनराज म्हणाले. "संजनाताईंनी परवा दुकानात फोन केला होता, म्हणत होत्या सेट परत यायची शक्यता आहे. दुकान आठला बंद करतो. काय ठरलं, आणताय का?"

पगारे बोलायला लागले, पण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. वर सातही जणी एकदम चढल्या होत्या. त्यांनी फोन कानापासून काढला, हात उंच केला आणि तो गच्चीच्या दिशेने धरून उभे राहिले. पूर्ण एक कडवं झालं. शेजारचे गांगुर्डे काका सायकल टेकवून थांबले आणि पगारे आकाशाला फोन का दाखवताहेत याचा विचार करू लागले.

कडवं संपल्यावर पगारेंनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे धनराज होतेच.

"बेस जास्त आहे," ते म्हणाले. "मिक्सरवर डावीकडून तिसरं बटण. थोडं खाली करा."

"थांबा हां," म्हणत पगारे दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.